चांगला फोटो बिघडवावा कसा?

गेल्या महिन्यात या सदरात जुन्या छायाचित्रांच्या संगणकावरील दुरुस्तीविषयी एक लहानसे उत्तर दिले होते. दुरुस्तीचे मॉडेल, म्हणजे उदाहरणे पाहून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवायला खराब आणि चांगल्या चित्रांच्या जोड्या लागतात व त्या बहुधा कृत्रिमरीत्या बनवाव्या लागतात, असे एक वाक्य त्यात ओघात येऊन गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. आजोबा-पणजोबांचे फोटो दुरुस्तीला येतात आणि ते काम मी आजवर हाताने करत आलो आहे. माझा पुतण्या संगणकशास्त्र शिकतो. तो म्हणतो, आपण स्वतःचे मॉडेल शिकवू. मात्र प्रत्येक खराब फोटोची चांगली प्रत लागेल. ती असती तर गिऱ्हाईक माझ्याकडे आलेच कशाला असते? मग या जोड्या येतात तरी कुठून?
(एक छायाचित्रकार, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या शंकेतच अर्धे उत्तर आहे. ज्या फोटोची चांगली प्रत शिल्लक आहे त्याला दुरुस्ती नको असते आणि ज्याला दुरुस्ती हवी त्याची चांगली प्रत नसते, म्हणून या क्षेत्रातली मंडळी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. एखादा स्वच्छ फोटो घेऊन तो संगणकावर ठरवून खराब करायचा, आणि खराब केलेली प्रत प्रश्न म्हणून व मूळची प्रत उत्तर म्हणून मॉडेलपुढे ठेवायची. एका चांगल्या फोटोतून शंभर तऱ्हेचे खराब फोटो निघतात आणि प्रत्येकाचे उत्तर पिक्सेलन् पिक्सेल ठाऊक असते. युक्ती सोपी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. अशा रीतीने शिकलेले मॉडेल जुने फोटो दुरुस्त करायला शिकत नसते. तुम्ही केलेला बिघाड उलटा फिरवायला शिकत असते. तुमचा बिघाड खऱ्या बिघाडासारखा नसेल, तर मॉडेल कितीही मोठे घेतले तरी त्याला गिऱ्हाइकाचा फोटो ओळखीचा वाटणार नाही. म्हणूनच या कामात पुतण्याच्या प्रोग्रॅमिंगपेक्षा तुमच्या डोळ्यांची कमाई जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते.

पहिली गोष्ट क्रमाची. फोटोवर जे जे घडले ते ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने ते संगणकावर घडवले पाहिजे. आधी भिंगाने आणि हललेल्या हाताने प्रतिमा धूसर केली, मग फिल्मचे कण उमटले. प्रिंट काढताना निगेटिव्हवरच्या धुळीने पांढरे ठिपके पाडले. निगेटिव्हचे इमल्शन खरवडले गेले असेल, तर तेथून जादा प्रकाश जाऊन प्रिंटवर काळी रेघ आली. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांत प्रिंट विटला, घडी पडली, कोपऱ्याला डिंक लागला, बुरशी आली. अगदी शेवटी कोणी तो स्कॅन केला किंवा मोबाइलने टिपला, आणि व्हॉट्सॲपवरून फिरताना त्याचे जेपीईजी आणखी दाबले गेले. नवशिका माणूस हे सगळे एका टोपलीत घालून हलवतो. त्याच्या जोड्यांमध्ये जेपीईजी फाइल दाबताना पडणारे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन खाली आणि त्यावर धारदार, कोरे ओरखडे दिसतात. जणू फोटो आधी व्हॉट्सॲपवर आला आणि मग कोणीतरी पडद्यावरच नखे ओढली. खऱ्या फोटोत ओरखडासुद्धा स्कॅनरच्या धूसरपणातून आणि जेपीईजीच्या दाबातून गेलेला असतो, म्हणून त्याच्या कडाही त्याच चौकोनांत विरघळलेल्या असतात.

दुसरी गोष्ट विटण्याची. बहुतेक जण फोटोवर पिवळसर थर चढवतात आणि कॉन्ट्रास्ट कमी करतात. डार्करूममध्ये काम केलेल्या तुमच्यासारख्या माणसाला हे लगेच खटकेल, कारण विटते ती प्रिंटमधली घनता, म्हणजे काळेपणाचे लॉगरिदममधले माप. ज्या काळ्या भागाची घनता २.० आहे, तो पडलेल्या प्रकाशाचा १ टक्का परत पाठवतो. तीच घनता पाचव्या हिश्श्याने उतरून १.६ झाली, की परत येणारा प्रकाश अडीच टक्के होतो. ०.१ घनतेचा उजळ भाग त्याच प्रमाणात उतरला तर ७९ टक्क्यांचे फार तर ८३ टक्के होतात. म्हणजे सावल्यांत अडीच पट फरक पडतो आणि उजेडात जेमतेम. तेव्हा पुतण्याला सांगा, की पिक्सेलचे मूल्य आधी प्रकाशाच्या प्रमाणात आणून त्याचा लॉगरिदम घ्यावा, त्या घनतेला विटण्याच्या प्रमाणाने गुणावे आणि मग परत यावे. रंगीत प्रिंटमध्ये हेच गुणणे तिन्ही रंगद्रव्यांसाठी वेगवेगळे करावे लागते. अंधारात, अल्बममध्ये राहिलेल्या जुन्या रंगीत प्रिंटांत बहुधा सायन (हिरवट निळा) आधी उतरतो, म्हणून ते लालसर दिसतात. पिवळेपणा मात्र वरून चढलेला डाग असल्यामुळे तो घनतेत मिळवावा लागतो, आणि तो उजळ भागांत अधिक डोळ्यांत भरतो. कृष्णधवल प्रिंटच्या काळ्या कडांवर चांदीची निळसर चकाकी येते, तीही विसरू नये. अशा ठिकाणी स्कॅन काळा येण्याऐवजी राखट येतो.

घड्या आणि डाग यांसाठी संगणकावर रेघोट्या काढत बसू नका. स्टुडिओत बिनकामाचे जुने प्रिंट आणि वापरात नसलेला फोटोपेपर पडलेला असेलच. तो घडी घालून, चुरगळून, पाण्याचे थेंब टाकून, वाळवून स्कॅन करा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे घडीची एक कड उजळ आणि दुसरी कड सावलीत येते. तोच कागद नव्वद अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन केला, की तीच घडी वेगळी दिसते. अशा पन्नास-साठ पानांतून जे मुखवटे, म्हणजे फोटोवर चढवता येणारे घड्या-डागांचे थर, मिळतील, ते फिरवून, ताणून, उलटे करून हजारो फोटोंना पुरतील.

माझ्या एका चुकीची हकिकत सांगतो. ओरखडे घालवायला शिकवलेले एक मॉडेल मी मोठ्या खुशीत एका गायकाच्या जुन्या फोटोवर चालवले. ओरखडे गेले आणि त्यांच्याबरोबर तंबोऱ्याच्या चारही तारा गेल्या. शोध घेता लक्षात आले, की मी निवडलेल्या स्वच्छ फोटोंमध्ये डोंगर, इमारती, फळे असे सगळे होते, पण बारीक, उजळ, लांब रेघ असलेली खरी वस्तू जवळजवळ नव्हती. तेव्हा मॉडेलच्या अनुभवाप्रमाणे बारीक उजळ रेघ म्हणजे ओरखडाच होता. मग तारा, दोरीवरचे कपडे, जानवी, मंगळसूत्रे, साडीचे जरीकाठ, सायकलच्या चाकांचे स्पोक असलेले फोटो स्वच्छ बाजूला भरले, काहींवर ओरखडे घातले, काहींवर मुद्दाम घातले नाहीत, आणि तारा परत आल्या. आपल्या घरांतल्या फोटोंवर काम करायचे असेल तर स्वच्छ फोटोही आपल्याच घरांतले हवेत, हे तेव्हा कळले. नथ, पगडी, नऊवारीचा काष्टा, कपाळावरचे ठसठशीत कुंकू यांपैकी काहीच न पाहिलेल्या मॉडेलने कुंकवाला डाग समजले, तर त्याला बोल लावता येत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डीआयव्ही२के या संचातील ८०० फोटोंवर गॉसियन नॉइज (संगणकाने विखुरलेले कण) मिसळून मी जोड्या बनवल्या. चाचणीत पीएसएनआर, म्हणजे मूळ फोटोशी जुळणीचे माप, ३१ डेसिबलच्या वर आला आणि मार्गदर्शक खूश झाले. पण माझ्या फोनने रात्री काढलेल्या फोटोवर मॉडेल काहीच करत नाही. कण जसेच्या तसे राहतात. चूक कुठे असावी?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमच्या आधी या खड्ड्यात संशोधकांची एक आख्खी पिढी पडली आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. २०१७ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी चार कॅमेऱ्यांनी ५० दृश्यांचे खरे, कण असलेले फोटो घेतले आणि तोवर गाजलेल्या पद्धती त्यांवर तपासल्या. कृत्रिम गॉसियन नॉइजवर वरचढ ठरलेल्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धतींना तेथे २००७ सालच्या बीएम३डी या, काहीही न शिकलेल्या जुन्या पद्धतीने मागे टाकले. पुस्तकातल्या विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा नदीत पडावा, तसा तो प्रकार होता.

कारण असे. तुम्ही मिसळलेला नॉइज प्रत्येक पिक्सेलवर स्वतंत्र आणि सगळीकडे सारखा असतो. कॅमेऱ्यातला तसा नसतो. सेन्सरवर प्रकाशाचे कण मोजले जातात आणि मोजणीतला चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० कण आले तर १० चा फरक, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर १०० चा, म्हणजे १ टक्का. म्हणून सावलीत नॉइज जास्त दिसतो. त्यात सेन्सर वाचताना येणारा स्थिर स्वरूपाचा नॉइज मिळतो. नंतर फोन काय करतो ते पाहा. तो शेजारच्या पिक्सेलांवरून हरवलेले रंग भरतो, पांढऱ्याचा समतोल साधतो, स्वतःची थोडी नॉइज-सफाई करतो, टोन-वक्र लावतो (उजेड-सावल्यांचा तोल बदलतो) आणि जेपीईजी करतो. या सगळ्यातून गेल्यावर मूळचे सुटे कण एकमेकांना चिकटून रंगीत ढगांसारखे होतात. तुमच्या मॉडेलने फक्त सुटे कण पाहिले आहेत. हे ढग त्याला भिंतीचा किंवा कापडाचा पोत वाटतात, आणि पोत जपायचा हे ते नीट शिकलेले आहे.

यावर २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जो मार्ग मांडला तो तुम्ही घरीही करून पाहू शकता. इंटरनेटवरच्या तयार फोटोवर कॅमेऱ्याने केलेल्या क्रिया उलट्या क्रमाने उलगडत जायचे, म्हणजे टोन-वक्र, गॅमा (प्रकाश फाइलच्या आकड्यांत बसवताना दिलेला वक्र), रंग-सुधारणा, पांढऱ्याचा समतोल असे मागे मागे जात सेन्सरपाशी पोहोचायचे, तेथे मोजणीच्या नियमाने नॉइज मिसळायचा, आणि मग कॅमेऱ्याची सारी साखळी पुन्हा पुढे चालवायची. उलगडण्यात थोडी ढोबळ चूक राहिली तरी चालते. नॉइज कोणत्या ठिकाणी मिसळला, ते जास्त महत्त्वाचे असते.

आता एक बारकावा सांगतो, कारण तो मी अनेक प्रकल्पांत चुकलेला पाहिला आहे. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा पट्ट्या धूसर केल्या तर मधला राखाडी किती येईल? फाइलमधल्या आकड्यांची सरासरी १२८ येते. पण त्या आकड्यांवर गॅमा चढलेला असतो. प्रकाशाची खरी सरासरी काढून ती परत फाइलच्या मापात आणली, तर सुमारे १८८ येते. भिंगाने किंवा हात हलल्यामुळे आलेला धूसरपणा प्रकाशात घडतो, म्हणून तो प्रकाशाच्या मापात करावा. उलट एखाद्या ॲपने फोटो लहान केला असेल तर ते ॲप बहुधा फाइलचे आकडेच सरळ मिसळते, म्हणून तेथे तुम्हीही तीच ‘चूक’ करावी. लहान करण्यातही गंमत आहे. ओपनसीव्ही या प्रोग्रॅमिंगच्या साधनात बायक्युबिक नावाच्या पद्धतीने फोटो बराच लहान केला तर ते मधले पिक्सेल सोडून देते आणि कडांना करवतीचे दाते येतात. पिलो या दुसऱ्या साधनातली त्याच नावाची पद्धत मधले पिक्सेलही हिशेबात घेऊन मिसळते. दोन्हींचे नाव एक असले तरी बिघाड दोन आहेत. जोड्यांत दोन्ही येऊ द्या.

फोटो मोठे करण्याच्या क्षेत्रात २०२१ साली याच दिशेने दोन कामे पुढे आली. बीएसआरगॅन या पद्धतीने धूसरपणा, लहान करणे आणि नॉइज यांचा क्रम प्रत्येक फोटोसाठी पत्त्यांसारखा पिसला. रिअल-ईएसआरगॅनने तोच सारा बिघाड दोन फेऱ्यांत केला, कारण नेटवरचा फोटो एकदाच दाबला गेलेला नसतो, आणि धारदार कडांभोवती उमटणाऱ्या पडसादांसाठी वेगळा फिल्टर ठेवला. मात्र पिसण्यालाही मर्यादा असावी. बिघाडाचा पल्ला फारच रुंद केला तर मॉडेल भित्रे होते. प्रत्येक पोत नॉइज असू शकतो अशी त्याला सवय लागते आणि खादीचा कुर्ता रबराचा दिसू लागतो.

गुणांबद्दलही बोलले पाहिजे. तुम्ही ज्या कृतीने शिकवले त्याच कृतीने चाचणीच्या जोड्या बनवल्या. मग ३१ डेसिबल या आकड्याने फार तर एवढेच सांगितले, की मॉडेलला तुमची कृती पाठ झाली आहे. एकाच फोटोचे काही तुकडे शिकवण्यात आणि काही चाचणीत गेले असतील तर तोही आकडा फुगलेला असणार, म्हणून विभागणी आधी मूळ फोटोंची करून मगच तुकडे पाडा. शिवाय तीन चाचण्या कराच. दुसऱ्या मित्राने वेगळ्या कृतीने बनवलेल्या जोड्यांवर मॉडेल चालवा. उत्तर माहीत नसलेले पन्नास-एक खरे फोटो बाजूला ठेवा आणि दर आठवड्याला तेच डोळ्यांनी पाहा. तिसरी चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी असते. मॉडेलला अगदी स्वच्छ फोटो द्या. त्याने तो जसाच्या तसा परत दिला पाहिजे. चेहऱ्यावरचा तीळ गायब झाला, तर काही जोड्या बिनबिघाडाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच फोटो असलेल्या, शिकवणीत घालण्याची वेळ आली आहे असे समजा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात १९३० ते १९५० च्या काळातील मराठी मासिकांचे बांधीव अंक आहेत. स्कॅन केलेली पाने स्वच्छ करण्यासाठी नेटवरचे एक तयार मॉडेल वापरले. पाने लख्ख झाली, पण वाचताना लक्षात आले की कित्येक अनुस्वार नाहीसे झाले आहेत. आपल्या लिपीसाठी वेगळ्या जोड्या बनवता येतील का?
(एक निवृत्त ग्रंथपाल, कोकण)

उत्तर : येतील, आणि बनवल्याच पाहिजेत. इंग्रजीत सुटा ठिपका आय, जे आणि विरामचिन्हे यांपुरता असतो. आपल्याकडे तो शिरोरेघेच्या वर ओळीत दहा ठिकाणी बसतो. जुन्या कागदावरच्या तपकिरी बुरशीच्या ठिपक्याचा आकारही जवळजवळ अनुस्वाराएवढाच. इंग्रजी पानांवर शिकलेल्या मॉडेलला या दोन ठिपक्यांतला फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

येथे स्वच्छ बाजू तुम्हाला स्वतः छापता येते, हा मोठा फायदा आहे. मजकूर संगणकावर टंकित करायचा, त्याचे पान चित्ररूपात काढायचे आणि मग ते बिघडवायचे. पण पहिल्याच पायरीवर ठेच लागते. पायथनमधील पिलो हे साधन साध्या रीतीने वापरले तर देवनागरी जुळवत नाही: ‘स्थिती’ लिहायला सांगितले की स, पाय मोडल्याचे चिन्ह, थ आणि त्याच्या उजवीकडे पडलेली वेलांटी असा अक्षरांचा ढीग मिळतो. रॅक्म नावाचे जुळणीचे साधन जोडले की शब्द नीट येतो. भाषा म्हणून मराठीची खूण दिली, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो; नाहीतर हिंदी वळणाची अक्षरे येतात. ही तपासणी न करता एक लाख पाने छापून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. मॉडेलने मोडकी जोडाक्षरेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून शिकून घेतली होती.

मजकूर कोणता घ्यावा, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. तुमचे अंक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत. त्या काळी ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास छापले जात. आजच्या वर्तमानपत्रांचा मजकूर घेऊन जोड्या बनवल्या, तर मॉडेलच्या मनात अशी समजूत बसेल की ‘घरात’ या शब्दावर ठिपका नसतो, आणि छापलेला खरा ठिपका ते डाग म्हणून पुसेल. पान अधिक स्वच्छ होईल आणि अधिक खोटेही. म्हणून जुन्या लेखनातला मजकूर मिळवा. तुमच्याच अंकांतली पन्नास-साठ पाने कोणी जाणत्याने जशीच्या तशी टंकित केली, तरी सुरुवात होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक राखणारा टंकलेखक निवडा.

मग बिघाडाकडे या. खिळ्यांच्या छपाईत शिरोरेघ सलग नसते. खिळा खिळ्याला टेकतो तेथे केसाएवढी फट राहते आणि झिजलेल्या खिळ्याची मात्रा तुटलेली असते. ही फट बिघाडाच्या बाजूला घालावी की उत्तराच्या, याचा निर्णय तुम्ही घ्यायचा आहे. माझे मत विचाराल तर उत्तरातही राहू द्या, कारण ती कागदाची खराबी नसून त्या छापखान्याची सही आहे. शाई दाबाने अक्षराच्या कडेला सरकते, म्हणून कड मध्यापेक्षा गडद असते. मागच्या पानाचा मजकूर आरशातल्यासारखा उलटा, धूसर होऊन पुढे दिसतो. तो मिसळताना दोन पानांची सरासरी काढू नका, घनता मिळवा. शाईवर शाई आली की तो भाग उजळ होत नाही. मागच्या ओळी बहुधा पुढच्या ओळींच्या नेमक्या पाठीशी येतात, तेव्हा त्या कुठेही विखुरून टाकल्या तर मॉडेलला काम फार सोपे वाटेल. बांधणीकडचा वाक आणि त्याची सावली हीही घाला.

बुरशीचे ठिपके मात्र थोडे कपटाने टाकावे लागतात. ते पानभर कुठेही टाकले, तर मॉडेल ‘समासातला ठिपका डाग, ओळीतला अक्षर’ एवढ्यावरच सुटते. काही ठिपके मुद्दाम शिरोरेघेच्या वर, अनुस्वाराच्या जागीच टाका, म्हणजे त्याला शाईचा काळा आणि बुरशीचा तपकिरी हा फरक शिकावाच लागेल. त्यासाठी स्कॅन रंगीत ठेवणे भाग आहे. जागा वाचवण्यासाठी पाने कृष्णधवल करून ठेवली असतील, तर ती पुन्हा स्कॅन करण्याला पर्याय नाही.

शेवटी दहा पाने हाताने तपासा: पुसले गेलेले अनुस्वार किती आणि नसताना उगवलेले किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. एकूण शुद्धतेच्या टक्केवारीत हे दोन्ही आकडे दडून जातात.

प्रश्न : अशा कामाला किती फोटो लागतात? आणि चेहरा अगदीच पुसट असेल तर मॉडेल जो चेहरा काढून देते तो खरा मानावा का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. वरच्या पत्रात आलेल्या डीआयव्ही२के संचात एकूण १,००० फोटो आहेत आणि शिकवण्यासाठी त्यांतले ८०० वापरतात. फोटो मोठे असल्यामुळे त्यांचे लाखो तुकडे पडतात. धूसरपणा घालवण्यासाठीचा २०१७ सालचा गोप्रो संच ३,२१४ जोड्यांचा आहे. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या ७ ते १३ चौकटींची सरासरी काढून तेथे हललेला फोटो बनवला जातो आणि त्यातली मधली चौकट उत्तर ठरते. घरगुती कामासाठी हजारभर चांगले, विविध, स्वतःच्या विषयाशी जुळणारे फोटो मला पुरेसे वाटतात. त्यानंतरचे कष्ट बिघाडावर घ्यावेत. स्वच्छ फोटो खरोखर स्वच्छ आहेत ना, हेही पाहा, कारण उत्तरातच जेपीईजीचे चौकोन असतील तर मॉडेल ते चौकोन काढायला शिकेल.

चेहऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चेहरे सुधारणाऱ्या जीएफपीगॅनसारख्या मॉडेलला एफएफएचक्यू या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकवले आहे, आणि त्याच्या जोड्याही धूसर करा, लहान करा, नॉइज घाला, जेपीईजी करा अशाच रीतीने बनवल्या आहेत. एक पुसट चेहरा शेकडो वेगवेगळ्या चेहऱ्यांतून उतरू शकतो. मॉडेल त्यांतला आपल्या पाहण्यातला एक निवडते. २०२० साली ड्यूक विद्यापीठातील पल्स या, पुसट चेहरे मोठे करणाऱ्या पद्धतीला बराक ओबामा यांचा चौकोन-चौकोन केलेला फोटो दिल्यावर तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला, तो प्रसंग बराच गाजला होता. लहान केल्यावर तो चेहराही दिलेल्या चौकोनांशी जुळतच होता. डोळ्यांमध्ये दहा-बारा पिक्सेलही शिल्लक नसतील, तर पणजीच्या डोळ्यांचा आकार फोटोत उरलेलाच नाही.

माझ्या ओळखीचे एक छायाचित्रकार अशा वेळी गिऱ्हाइकाला दोन प्रिंट देतात. एकात डाग, घड्या आणि विटलेपणा तेवढा काढलेला असतो आणि चेहरा जसा पुसट आहे तसा राहतो. दुसऱ्यात चेहरा भरलेला असतो, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने ‘चेहरा संगणकाने भरला’ असे लिहून खाली तारीख घातलेली असते.